कोरं काकण न देणारी गुणाक्का

गुणाक्का कासारीण घरात शिरली की आधी लेकरू मागायची. पाणी नाही, गुळाचा खडा नाही, बसायला पोतं नाही. खांद्यावरचं मलार, म्हणजे काकणांच्या माळांचं ते झुलतं ओझं, तसंच खांद्यावर ठेवून उंबऱ्यातूनच ओरडायची, "बाळंतीण कुठंय? लेकरू आना हिकडं!" लेकरू आलं की एका बोटानं त्याचं अंगडं उचलायची आणि पोट बघायची. पोट स्वच्छ असलं की मलार खाली उतरायचं, माळा सुटायच्या, ओसरीभर हिरवा-लाल उजेड पडायचा. पोटावर ताजा डाग दिसला की अंगडं हलकेच खाली सोडायची आणि आल्या पावली बाहेर.

"अगं गुणाक्का, काकणं?" मागून बाया हाका मारायच्या.

"चिमटा तापवता येतो न्हवं? त्योच घाला मनगटात," ती वळूनही न बघता सांगायची.

आमच्या भागात दूध टाकणाऱ्या लेकराला डागतात. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सरळ लिहिते. लेकरू पाजल्यावर गुळणी टाकतं, कधी पातळ, कधी दह्यासारखी फुटलेली. जगातली सगळी लेकरं टाकतात. पण आमच्याकडे म्हणायचं, पोटात काहीतरी बसलंय, त्याला चटका दाखवल्याशिवाय ते उठायचं नाही. मग एक कोरं काकण आणायचं, अजून कुणाच्या हातात न गेलेलं. ते फोडायचं, तुकडा चिमट्यात धरून निखाऱ्यात लाल करायचा आणि बेंबीच्या भोवती टेकवायचा. दोघींनी हात धरायचे, एकीनं पाय. लेकरू किंचाळून किंचाळून गप होतं, दमून झोपतं, आणि त्या झोपेला आमच्या बाया 'उतार पडला' म्हणतात! वर निजामाचा अंमल होता आणि घरात या चिमट्याचा. पहिल्याविरुद्ध आम्ही पत्रकं काढत होतो. दुसऱ्याविरुद्ध आमच्या पंचक्रोशीत एकटी गुणाक्का उभी होती, आणि ती आमच्या गावची होती हे मी छाती पुढे काढून सांगते.

दिसायला ती उंच, हाडापेरानं दांडगी, आवाजानं त्याहून दांडगी. नवरा बाजारात पाल टाकून बसायचा, गरीब माणूस, बोलायचं सगळं काम त्यानं बायकोवर सोपवलेलं. तिचं माहेर कानडी मुलखातलं. रागावली की आधी कानडीत सुरू करायची आणि समोरच्याला कळत नाही हे ध्यानात आलं की तेच मराठीत पहिल्यापासून पुन्हा सांगायची. नम्रपणा तिच्या वाट्याला आलाच नव्हता. "ह्या ढोकीपासनं त्या येडशीपर्यंत माझ्यासारखा हात हाय का कुनाचा?" असं ती स्वतःच विचारायची आणि "न्हाय" असं स्वतःच उत्तर द्यायची. खोटं नव्हतं ते. जाड मनगटाच्या बाईच्या हातात ती इतकं तंग काकण चढवायची की बघणारीनं डोळे मिटावेत. "हात ढिला सोड बाय, हात ढिला सोड," म्हणत बोटं एकत्र गोळा करायची, अंगठ्याचं मूळ दाबायची, आणि काकण आत गेलेलं असायचं. एखादं फुटलंच तर 'फुटलं' म्हणू द्यायची नाही, 'वाढवलं' म्हणायचं. आणि त्याचा तुकडा न् तुकडा उचलून आपल्या पदराच्या गाठीत बांधून न्यायची. जमिनीवर काचेची टिकलीसुद्धा राहू द्यायची नाही.

लोकांना वाटायचं, पोरांच्या पायाला टोचू नये म्हणून. तेही होतंच. पण खरं कारण वेगळं होतं, तो तुकडा कुणाच्या चिमट्यात जाऊ नये. तिच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो तिनं कुणासाठी मोडला नाही. "काकण मी हातात भरीन. हातावर ठेवनार न्हाय." सुटं काकण ती विकायचीच नाही. मग पाटलीण येऊ दे की तहसिलीतल्या कारकुनाची बायको. कोरं काकण मागणारीला ती एवढंच विचारायची, "कुनाचं लेकरू हाय?"

हा नियम तिनं फार मोठं मोल देऊन केला होता. तिची पहिली मुलगी दूध टाकायची. सासूनं डागायचं ठरवलं. कोरं काकण कुठून आणायचं हा प्रश्न कासाराच्या घरात पडतो का? गुणाक्कानं स्वतः माळेतून काढून दिलं. वर कौतुक हे की आपल्या घरचं काकण, आपल्या हातानं निवडलेलं, ते आपल्या लेकराला बाधेल कसं? अशी समजूत कासाराच्याच घरात होऊ शकते. डाग चिघळला. अंग तापलं. आमच्या गावाला डॉक्टरचं तोंड माहीत नव्हतं. शेतसारा वसूल करणारा गावात यायचा, घोड्याला चंदी मागणारा यायचा, औषध देणारा कधी आला नाही. ढोकीला छोट्या आगगाडीत बसायचं आणि हद्द ओलांडून इंग्रजी अंमलातल्या बार्शीला जायचं, तेव्हा कुठं दवाखाना. आपल्या राज्यात जन्मायचं आणि जगायला परक्या राज्यात जायचं, ही आमची रयतेची किंमत!

बार्शीच्या डॉक्टरीणबाईंनी लेकराचं पोट बघितलं आणि डाग धुवायला घेतला. मुलगी वाचली नाही. गुणाक्का तिथंच भिंतीला टेकून बसली आणि विचारती झाली, "बाई, दूध टाकून मेली का हो?"

बाई म्हणाल्या, "दूध टाकून नाही. डागानं गेली."

पुढं माल आणायला बार्शीला गेली की गुणाक्का आधी दवाखान्यात जायची, मग काकणांच्या पेठेत. बाईंच्या बाकड्यावर बसून एकेक गोष्ट विचारून घ्यायची. बाईही न कंटाळता सांगायच्या. इथं परत आल्यावर गुणाक्का ते सगळं आपल्या बोलीत ओतायची आणि शेवटी बजावायची, "ही माझी अक्कल न्हाय, डाक्टरीनबाईची हाय. पर आवाज माझा हाय, म्हनून नीट ऐका."

मी तेव्हा चळवळीत नवी होते. हद्दीपलीकडच्या बार्शीत आमची छावणी होती, तिथून पत्रकं गावोगाव पोचवायची होती. कासारणीच्या मलारात कोण हात घालतोय, म्हणून मी गुणाक्काला गळ घातली. ती म्हणाली, "आनते की. करोडगिरीच्या जकातनाक्यावरच्या शिपायाची बायको माझ्याकडनंच काकणं भरून घेती. पर माझं बी एक पत्रक लिव्ह. तुमचं निजामाचं, माझं दुधाचं."

मी मोठ्या उमेदीनं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. "भगिनींनो, अज्ञानाच्या शृंखला तोडून टाका!"

"थांब," गुणाक्का म्हणाली. "कुनाच्या लेकराला शृंखला झाल्यात?"

"तसं नाही गं अक्का, ते..."

"लेकरू दूध टाकतंय, तेवढं लिव्ह. बाळंतीन लेकराला मांडीवर घेऊन ऐकनार हाय, तिला टाळ्या वाजवायला हात मोकळा न्हाय."

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. तिचं बोलणं जसंच्या तसं इथं देते, कारण माझ्या हातून इतकं चांगलं पत्रक पुन्हा उतरलं नाही.

"लेकराच्या पोटाचं तोंड आजून ढिलं असतंय. गाडग्याला झाकन नसलं अन् ते कलतं केलं तर सांडनारच, त्यात भूत कशाला शोधता? पाजून झालं की लेकरू खांद्यावर उभं धरा, पाठीवरनं हात फिरवा, ढेकर यिऊ द्या. एकदम घटाघटा पाजू नका, थोडं थोडं पाजा. पाजल्याबरुबर तेल चोळायला अन् न्हाऊ घालायला घिऊ नका. पोटाला फडकं आवळून बांधू नका. लेकरू हसतंय, मुततंय, अंगानं भरतंय, तर दूध टाकू द्या, लुगडं धुवा अन् गप बसा. लेकरू बसाया लागलं की कमी हुतंय, चालाया लागलं की बहुतेकांचं जातंय. पर दूध पिचकारीवानी लांब उडालं, हिरवं पडलं, रगत दिसलं, लेकरू वाळाया लागलं, मुतायचं कमी झालं, न्हायतर निपचित पडून ऱ्हायलं, तर मला बी इचारू नका अन् देवाला बी. बार्शीची गाडी धरा."

आणि हे शेवटचं ती नुसतं बोलायची नाही. आमच्या शेजारच्या धनगराच्या सुनेचं लेकरू असंच पिचकारीसारखं दूध उडवायचं, पुन्हा भुकेनं रडायचं आणि दिवसेंदिवस सुकत चाललेलं. गुणाक्कानं त्याला खांद्यावर घेतलं, पुन्हा आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे माझ्या खांद्याचं काम न्हाय." मलार आमच्या ओसरीवर टाकलं, ऐन बाजाराच्या दिवशी, आणि त्या मायलेकरांना घेऊन गाडीत बसली. बार्शीहून त्या लेकराला सोलापूरला न्यावं लागलं. आज ते आमच्या अंगणातल्या कोंबड्यांमागे दगड घेऊन धावतं आणि त्याची आजी त्याला शिव्या देते. मला ते दृश्य फार आवडतं.

आता आमच्या घरचं सांगते. माझी थोरली बहीण सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. गोरागोमटा, गुबगुबीत, आणि दूध टाकणारा. पाजलं की टाकायचा, हसला की टाकायचा. घरातल्या प्रत्येकीच्या खांद्याला आंबूस वास. गुणाक्का त्याचं पोट बघून, त्याच्या मांड्या चिमटीत धरून म्हणाली होती, "ह्याला काय धाड भरलीय? घरातलं दूध ह्यानंच संपवलंय." आईला पटलं होतं. पण आईच्या पोटात भीती दुसरीच होती. लेक सासरी पाठवायची वेळ आली होती आणि कळंबच्या विहीणबाई न्यायला येणार होत्या. अडत दुकानदाराचं घर, पैशानं आणि मानानं भारी.

विहीणबाई आल्या, नातवाला मांडीवर घेतला, आणि त्यानं त्यांच्या नव्याकोऱ्या इरकली लुगड्यावर आजीची ओळख करून घेतली. त्यांचा चेहरा उतरला.

"हे कधीपास्नं?"

"पहिल्यापासनं हाय, विहीणबाई," आई चाचरत म्हणाली. "पर अंगानं चांगला भरतोय."

"आन् डागलं न्हाय? वकतं लेकरू माझ्या घरी पाठवता? त्या राणबाला बोलवा आदी. आज डागा, उद्या निघू. न्हायतर तुमची लेक आन् लेकरू ऱ्हाऊ द्या हितंच."

राणबा म्हणजे डागणारा म्हातारा. तो आलाही, अंगणात लिंबाखाली बसून चिमटा पुसत. सुभद्रा लेकराला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी भांडायला पुढे झाले तर आईनं माझं मनगट पकडलं. मुलीची आई होती ती. आमच्या समाजानं मुलीच्या आईला तोंड ठेवलंय का?

आणि नेमकी त्याच वेळी गुणाक्का दारात. सुभद्रा सासरी निघायची म्हणून हिरवा चुडा भरायला आईनंच तिला सांगावा धाडला होता. कासारीण चुडा भरायला आली की गल्लीतल्या बाया आपापले हात घेऊन जमतात, आणि संक्रांत तोंडावर आलेली, त्यामुळे आमची ओसरी भरून गेली होती. गुणाक्कानं उंबऱ्यातून राणबाचा चिमटा बघितला. मलार खाली ठेवलं नाही.

"गुणे, चुडा भर सुनंला," विहीणबाई म्हणाल्या. "आन् एक कोरं काकण हातावर ठेव. काय लागतील ते पैसे घे."

"भरीन," गुणाक्का म्हणाली. "ठेवनार न्हाय."

"मला वळखतीस का?"

"वळखते की. तुमच्या लग्नाचा चुडा माझ्या सासूनं भरलाय. तवा मी मलार धरून बसले हुते. तुमी रडत हुता."

बाया हसल्या. विहीणबाईंचा पारा चढला. "कासारनीनं काकणं विकावी. लेकराची उठाठेव कशाला?"

"व्हय, विकते. आन् कुनाला विकायची न्हाय ते बी म्याच ठरवते." गुणाक्कानं सगळ्या बायांवरून नजर फिरवली आणि तिचा तो दांडगा आवाज काढला. "ऐका गं! आज ह्या घरात लेकराला डाग बसला, तर ह्या गावात माझं मलार उतरनार न्हाय. संक्रांतीला न्हाय, पंचमीला न्हाय, कुनाच्या लग्नाला न्हाय. कळंबाला माझी नणंद काकणं भरती, तिला बी सांगीन. बसा समद्या रित्या हातानं!"

बायांनी एकमेकींच्या मनगटांकडं बघितलं. सणाला रिकामं मनगट म्हणजे काय, हे बायकांना सांगावं लागत नाही. मग कोपऱ्यातून पाटलाची सून बोलली, "अवो कळंबच्या आत्याबाई, तुमी जाताल उद्या गाडीत बसून. आमी काय करायचं?" दुसरी म्हणाली, "माझ्या लेकीचं लगीन हाय, बाई." तिसरी तर राणबालाच म्हणाली, "ए बाबा, तू ऊठ आदी तितनं." आजवर आम्ही बहिष्कारावर किती पत्रकं लिहिली! ही बाई तो आमच्या ओसरीत उभी राहून घालत होती, पोलिसांच्या अमिनालाही, निजामाच्या त्या फौजदारालाही, घाबरली नसती अशी.

विहीणबाई एकट्या पडल्या. पण खरं सांगायचं तर त्या दुष्ट नव्हत्या. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. "आगं, पर त्यो जगंल का? एकुलता नातू हाय माझा."

तेव्हा गुणाक्कानं मलार उतरवलं. सुभद्राला म्हणाली, "पाज त्याला. हितं सगळ्यांम्होरं." पाजून झाल्यावर तिनं लेकरू खांद्यावर घेतलं आणि ओसरीत येरझाऱ्या घालू लागली. पाठीवरून हात, वरून खाली, खालून वर. बाया माना पुढं करून बघत होत्या. लेकरानं अशी दणदणीत ढेकर दिली की बाहेर राणबानं मान वर केली.

"कुनाचा गं हा आवाज? अडत दुकानाचा मालकच की!" गुणाक्का म्हणाली, आणि पहिल्यांदा विहीणबाईंच्या तोंडावर हसू आलं. थोडं दूध तरीही ओघळलंच, गुणाक्काच्या खांद्यावर. तिनं ते पुसलं नाही. विहीणबाईंसमोर बसली आणि सांगितलं, "हे आसंच येनार अजून. मी खोटं न्हाय सांगत. बसाया लागला की कमी हुईल, चालाया लागला की बहुतेक जाईल. वाळाया लागला तर मी स्वता बार्शीला नेते. पर माझी लेक मी डागली. माझ्या मलारातलं काकण हुतं. कोरं हुतं. तुमी मागताय तसंच."

विहीणबाईंनी नातवाला आपल्या मांडीवर घेतलं. मग त्यांनी राणबाला शिधा द्यायला सांगितला आणि वाटेला लावलं. गुणाक्कानं सुभद्राचं मनगट हातात घेतलं. "हात ढिला सोड बाय."

पुढच्या साली ढोकीच्या बाजारात गुणाक्का नवऱ्याच्या पालावर बसली होती आणि मी तिच्या शेजारी शेंगा सोलत होते. गर्दीतून विहीणबाई आल्या. त्यांचं बोट धरून, एक पाय इकडे एक तिकडे टाकत, आमचा भाचा. त्या पालासमोर थांबल्या, राम राम नाही की बसणं नाही. वाकल्या आणि एका बोटानं नातवाचं अंगडं वर उचललं. पोट गोल, चकचकीत, कुठं एक रेघ नाही. मग त्यांनी आपला हात गुणाक्कापुढं केला.

"आता न्हाय टाकत," त्या म्हणाल्या.

"मला म्हाईत हुतं," गुणाक्का म्हणाली. विनय तिला शोभला नसताच.

निजामाचं राज्य गेलं. आम्ही मिरवणुका काढल्या, भाषणं केली. त्याच सालच्या थंडीत गुणाक्का तापानं गेली. बातमी कळताच गावोगावच्या बाया आल्या, काहींच्या कडेला लेकरं. अहेव, नवऱ्याच्या माघारी न राहता गेली होती, तेव्हा हिरवा चुडा भरायला हवा होता. पण भरणार कोण? पंचक्रोशीच्या मनगटांत काकणं भरणारी तीच होती. नवरा मलार घेऊन बसला होता, त्याला माळेची गाठ सुटेना.

कळंबच्या विहीणबाई पुढं झाल्या. त्यांनी त्याच्या हातून माळ घेतली आणि गुणाक्काचा ताठलेला हात मांडीवर ओढला. बोटं गोळा केली, अंगठ्याचं मूळ दाबलं. काकण चढेना.

"हात ढिला सोड बाय," विहीणबाई म्हणाल्या. "हात ढिला सोड."

एक काकण वाढवलं. कुणीतरी म्हणालं, राहू द्या, पडलं तर पडलं. विहीणबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी जमीन हातानं चाचपली, काचेचा तुकडा न् तुकडा वेचला आणि आपल्या पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली.